रांजणाखालच्या बाटल्या

गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते तेव्हाची जेवणाच्या टेबलावरची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तुमच्या बाबांनी पांढऱ्या वाइनची बाटली उघडली. मी घोटभर तोंडात फिरवली आणि म्हणाले, ही अजून गार हवी होती, आणि या झणझणीत भाजीबरोबर हिच्यापेक्षा जरा गोडसर चालली असती. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत राहिलात. धाकटीने विचारलं, "आजी, तुला कसं गं कळतं हे?" मी सांगेन म्हणाले आणि ताट उचलून आत गेले. टेबलावर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आता इथे निवांत बसून लिहिते आहे. तुमचे बाबाही ती पहिल्यांदाच वाचतील, कारण हे झालं तेव्हा ते परदेशी गेलेले होते आणि फोनवर मी त्यांना फक्त माझी तब्येत आणि धुळ्याचा उन्हाळा एवढंच सांगत असे.

मी तेव्हा धुळ्याला देवपुरात राहत होते. पांझरा नदीच्या या बाजूला कॉलेजं, शाळा आणि नोकरदारांची घरं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तुमचे बाबा गेल्यावर घरात मी एकटी उरले. एकटीचं घर फार नीटनेटकं राहतं. सकाळी ठेवलेली वस्तू संध्याकाळी तिथेच सापडते. सुरुवातीला मला याचं बरं वाटलं, कारण पसारा मला कधीच सहन होत नाही. मग एके दिवशी लक्षात आलं की समोरच्या खुर्चीवरच्या उशीला आठवडाभर एक चुणीसुद्धा पडलेली नाही, आणि मी ती उशी उगीचच हातानं चुरगळली.

दिवसातला एक भाग मात्र वेगळा असायचा. कॉलेज सुटून मी दुपारी घरी आले की शेजारच्या अक्का यायच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, साक्रीकडच्या खेड्यातून मुलाकडे राहायला आलेल्या. मुलगा एसटीत होता, सुनेचं आणि त्यांचं फारसं पटत नसे. त्या माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसत, वाती वळत आणि बोलत. मी पेपर तपासत असले तर म्हणत, "इतल्या पोथ्या वाचीसनी काय भेटस व माय?" मी म्हणे, पगार भेटतो अक्का. त्या म्हणत, मग वाच बापा, वाच.

अक्का माळकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी नाही, कांदा-लसूण नाही, आणि जिथे मांसमच्छी शिजते किंवा दारू प्यायली जाते त्या घरचं पाणीसुद्धा नाही. आमच्या कॉलनीत त्यांचं घर सोडलं तर निदान अंडं तरी प्रत्येक घरी शिजायचं. माझ्याकडे ते नव्हतं. म्हणून अख्ख्या कॉलनीत त्या पाणी पीत ते फक्त माझ्या घरचं. आल्या की आधी स्वतः उठून रांजणातून पेला भरून घेत, वरून तोंडात धार सोडत आणि "गार शे" म्हणत. चहा त्या घेत नसत, म्हणजे माझ्याकडून त्यांनी काही घेतलं तर ते तेवढंच. मला त्याचा अभिमान होता, हे आता लिहिताना कळतंय.

तो रांजण कसा होता ते सांगायला हवं. धुळ्याला नळाला पाणी रोज येत नसे, त्यामुळे साठा मोठा लागायचा. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मी विटांचा एक बुटका चौकोन बांधून घेतला होता. त्यात पांझरेची वाळू आणि वाळूत कंबरेपर्यंत रुतवलेला रांजण. रांजण झिरपायचा, वाळू कायम ओली आणि थंडगार असायची. उन्हाळ्यात त्या वाळूत लिंबं, मेथी, विड्याची पानं पुरून ठेवली की दोन-तीन दिवस ताजी राहत. अक्काही त्यांची पानं तिथेच ठेवायच्या. त्यांच्या घरच्या फ्रिजवर त्यांचा विश्वास नव्हता.

तर त्या वर्षी होळीच्या आधी तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ माझ्याकडे आले. ते फैजपूरला असत. केळीची बागायत, शिवाय केळीचा व्यापार. जळगावलाही त्यांनी बंगला बांधला होता. त्यांच्याकडे युरोपातून काही पाहुणे यायचे होते, केळीच्या बागा बघायला आणि पुढे माल घेता येईल का ते ठरवायला. शेवटच्या संध्याकाळी जळगावच्या बंगल्यात त्यांना भरीत-पुरीचं जेवण द्यायचं ठरलं होतं. कुणीतरी दिरांच्या डोक्यात घातलं होतं की ही माणसं जेवताना पाणी पीत नाहीत, वाइन पितात, आणि तीही लाल वेगळी आणि पांढरी वेगळी, जेवणाप्रमाणे निवडलेली.

"वहिनी, हे खातं तुमचं," ते म्हणाले.

मी म्हणाले, भाऊजी, मी आयुष्यात वाइन बघितलेलीही नाही.

"अहो, तुम्ही एम.ए. इंग्लिश. तुम्हाला नाही कळणार तर फैजपूरच्या तलाठ्याला कळणार का?"

हा समज आमच्याकडे सगळ्यांचाच होता. इंग्रजी येतं म्हणजे काटाचमचा येतो, औषधाच्या बाटलीवरचं कळतं, विमानतळावर काय बोलायचं ते कळतं. मीही तो कधी खोडून काढला नव्हता. विचारायला येणारी माणसं त्या निमित्ताने तरी घरी येत.

दिरांची योजना तयार होती. केळीचे ट्रक देशभर जातात. बंगळूर, हैदराबाद, गोवा, पुण्याकडचा द्राक्षपट्टा, जिथून जिथून वाइन मिळते तिथून परतीच्या ट्रकवाल्यांनी लाल आणि पांढरी अशी एकेक बाटली आणायची. मी चाखून दोन ठरवायच्या. मग त्याच जागच्या, त्याच कंपनीच्या पेट्या मागवायच्या. परवान्याबिरवान्याचं ते बघणार होते. बाटल्या माझ्याकडे ठेवायच्या, कारण ट्रक आग्रा रोडने धुळ्यावरूनच येतात. आणि दुसरं कारण त्यांनी चहा संपवता संपवता सांगितलं. फैजपूरच्या घरात आबा होते, माझे सासरे. तेही माळकरी. त्यांच्या घरात बाटली शिरणं शक्य नव्हतं.

"तुमच्याकडे काय, वहिनी, घरात कुणी नाही. कुणाला त्रास नाही."

ते वाईट बोलले नाहीत. खरं तेच बोलले. मी हो म्हणाले.

हाती घेतलेलं काम मी अर्धवट करत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात पाकक्रियेचं एक जाडजूड विलायती पुस्तक होतं, कुणी कधी उघडलेलं नव्हतं. त्यात वाइनवर एक प्रकरण होतं. लाल मांसाबरोबर, पांढरी माशाबरोबर. भरिताचा अर्थातच उल्लेख नव्हता. बाटल्या कशा ठेवाव्यात हे मात्र सविस्तर दिलं होतं: गार जागी, अंधारात, दमट हवेत, आडव्या, हलू न देता. मी पुस्तक मिटलं आणि थेट रांजणाकडे बघितलं. धुळ्यात मार्च महिन्यात गार, अंधारी आणि दमट अशी दुसरी जागा नव्हती. माझा फ्रिज लहान, आणि वीज दुपारी हमखास जायची.

ट्रकवाले एकेक करून येऊन बाटल्या देऊन गेले. मी त्या वाळूत आडव्या पुरल्या. डावीकडे लाल, उजवीकडे पांढऱ्या, बंगळूर भिंतीशी, मग हैदराबाद, मग पुण्याकडच्या, गोव्याच्या सगळ्यात पुढे. वरून वाळूचा हात फिरवला आणि त्यावर मेथीची जुडी ठेवली. फार समाधान वाटलं. बऱ्याच दिवसांनी मला कुणासाठी तरी काहीतरी नीट लावून ठेवायला मिळालं होतं.

रविवारी सकाळी चाखायचं ठरवलं. पुस्तकात लिहिलं होतं की जेवणाआधी जीभ स्वच्छ असते तेव्हा चाखावं. मी अंघोळ केली, खिडकी लावली, टेबलावर पांढरा कपडा अंथरला, स्टीलचे चमचे मांडले आणि बाटल्या काढायला बसले. पहिली बाटली वर आली ती नागडी. दुसरीही तशीच. ओल्या वाळूत कागद भिजून सगळी लेबलं सुटली होती. काही वाळूत सापडली, चिंध्या होऊन. काहींचा नुसता लगदा. आणि ज्या ओळीने मी त्या लावल्या होत्या ती ओळही राहिली नव्हती. मेथी-लिंबं काढता-ठेवताना बाटल्या सरकल्या असणार. लाल आणि पांढरी एवढं काचेतून कळत होतं. कुठली कुठून आली, कुणी केली, ते सगळं वाळूत गेलं.

मी आधी त्या चिंध्या ताटात पसरून जुळवायचा प्रयत्न केला. मग एकटीच हसले. नाव-गाव ठाऊक नसलेल्या बाटल्यांपुढे इंग्रजीची एम.ए. आणि कुणीही सारखंच.

बूच काढायचं यंत्र नव्हतं. दाराच्या कडीचा लांब स्क्रू बुचात पिळला आणि पकडीने ओढला. एक बूच निघालं, एक आत पडलं. बाकीच्यांना पत्र्याची फिरकीची झाकणं होती. प्रत्येकीतली चमचाभर घ्यायची, तोंडात फिरवायची, मोरीत थुंकायची, चूळ भरायची. पहिल्या चमच्याला अंगावर काटा आला. चवीने नव्हे, आपण हे करतो आहोत याने. मग काटा गेला आणि चवी कळू लागल्या. एका लालने जीभ कच्च्या जांभळासारखी आवळली. दुसरीला लोखंडी कढईत राहून गेलेल्या चिंचेचा वास होता. एक लाल काळ्या मनुकांच्या पाण्यासारखी गोड. पांढऱ्यांत एक अगदीच पाणी, एक जुनाट मधासारखी जड, आणि एक अशी की पाडाला आलेल्या कैरीची फोड चावल्यावर कानाच्या मुळाशी जे होतं ते झालं.

पुढच्या रविवारी मी हिरवी भरताची वांगी काड्यांवर भाजून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली आणि काळ्या मसाल्याची शेवभाजी. जेवण शिजवून एकटीने बसून प्रत्येक घासामागे एक चमचा. त्या कैरीसारख्या पांढरीने भरिताचा धुरकट वास तोंडात उघडला, तेल कापलं. ती ठरली. लालचं मात्र पुस्तकाप्रमाणे होईना. पुस्तकाला आवडतील अशा जीभ आवळणाऱ्या लाल वाइन शेवभाजीवर घेतल्या की मिरची जिभेवर पेटून उठायची. पुस्तक जिला हलकी म्हणत होतं ती मनुकांसारखी गोड लाल घेतली की मिरची शांत व्हायची. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि जिभेचं ऐकलं. धाकटे, तू जे विचारलंस ते मी तिथे शिकले, तिथेच आणि तेवढंच.

दीर आले तेव्हा त्यांना सांगितलं, दोन निवडल्या आहेत, पण कुठल्या ते सांगता येत नाही. ते पोट धरून हसले. "म्हणजे वहिनी, नवरी पसंत पडली, पण गाव विचारायचं राहिलं." मग आम्ही बाटल्यांच्या अंगकाठीवर गेलो. पांढरीची बाटली उंच, मानेला बारीक. लालच्या बुडाला अंगठा जाईल एवढा खळगा. त्या दोन बाटल्या ते पिशवीत घालून घेऊन गेले, ट्रकवाल्यांना दाखवतो म्हणाले. पांढरी पुण्याकडची निघाली आणि लाल गोव्याची. बाकीच्या, चमचा-चमचा कमी झालेल्या, मी झाकणं लावून पुन्हा वाळूत ठेवल्या. ओतून द्यायला मन होईना. त्या दिरांच्या होत्या, ते येऊन नेतील असं म्हटलं.

अक्का या सगळ्या दिवसांत रोज येत होत्या. मला लपवायचं होतं असं नाही. सांगायचं असंही सुचलं नाही. बाटल्या वाळूत होत्या, अक्का उंबऱ्याशी, पाणी रांजणात. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मंगळवारी बाजार असायचा. अक्का बाजारातून विड्याची पानं घेऊन आल्या. रांजणातून पेला भरला, अर्धा प्यायल्या आणि तो डाव्या हातात तसाच धरून वाकल्या, पानं वाळूत ठेवायला. त्यांचा हात वाळूत गेला आणि थांबला. बाहेर आला तेव्हा मनगटाजवळ लेबलाची एक ओली चिंधी चिकटली होती. द्राक्षांच्या घडाचं चित्र असलेली. त्यांनी दुसऱ्यांदा हात घातला आणि बाटली मानेला धरून वर उचलली.

"हाई काय शे, बाई?"

औषध म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. शरबत म्हटलं असतं तरी. माझ्या तोंडून इंग्रजीतलं काहीही निघालं तरी त्या मान डोलावत. त्या माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होत्या त्यामुळेच मला दुसरं काही म्हणता आलं नाही.

"अक्का, वाइन आहे. द्राक्षांची. जळगावला दिरांकडे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासाठी."

"दारू?"

"म्हटलं तर दारूच."

त्यांनी बाटली जशी होती तशी परत ठेवली, वरून वाळू सारखी केली. मग हातातल्या पेल्याकडे बघितलं.

"मी रोज आठलं पानी पेस," त्या म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. रोज इथलं पाणी पिते, ही जणू त्या मला एक माहिती देत होत्या, जी मला नसावी. पेला त्यांनी जमिनीवर ठेवला, बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि गेल्या. पानं तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी कॉलेजातून येऊन पेपर घेऊन बसे आणि उंबऱ्याकडे बघे. मनातल्या मनात मी त्यांना सगळं समजावून सांगत होते. बाटल्या बंद होत्या. आणि अक्का, पाणी रांजणातून वाळूत झिरपतं, वाळूतून रांजणात येत नाही. मातीच्या भांड्याचा धर्मच तो. अगदी बिनतोड होतं. वर्गात सांगावं तसं मुद्द्यामागून मुद्दा. ऐकायला मीच होते.

कुंपणावरून त्यांच्या सुनेने हाक मारली. म्हणाली, सासूबाईंनी उपास धरलाय, नदीवर जाऊन अंघोळ करून आल्या, गोमूत्र घेतलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका मॅडम, त्यांचं असंच असतं. आम्हाला तर बरंच झालं, त्यांना आता दुपारभर घरी बसावं लागतं," असं म्हणून ती हसली. मला त्या हसण्यात सामील होता आलं नाही. तिच्या घरात अक्का दुपारभर कुठे बसत असतील, याचा मी विचार करत होते. त्यांच्या घराला तसा उंबरा नव्हता.

जेवणाच्या दिवशी मी एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला गेले. बंगल्याच्या गच्चीवर दिवे लावले होते, केळीचे खांब उभे केले होते. दोन्ही वाइन बर्फाच्या घमेल्यांत होत्या, मी सांगितल्याप्रमाणे पांढरी जास्त आणि लाल थोडाच वेळ. कशाबरोबर कुठली द्यायची ते मी वाढणाऱ्यांना पुन्हा एकदा सांगितलं. मग जाऊबाईंनी माझा दंड धरला आणि मला आत नेलं. गच्चीवर पुरुष आणि पाहुणे. आम्ही बायका आत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत.

यात कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही त्या क्षणी नाही. आम्ही पुऱ्या लाटत होतो आणि वरून हसण्याचे आवाज येत होते. एका पोक्त बाईने विचारलं, "ताई, तुम्ही चाखून बघितली म्हणे?" मी हो म्हणाले. सगळ्या हसल्या. मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि माझ्या शेजारचं लाटणं एक वीत पलीकडे सरकलं. एवढंच.

जेवण अर्ध्यावर आलं असेल, पाहुण्यांतली एक वयस्कर बाई हातात ग्लास घेऊन जिना उतरून आत आली. तिला स्वयंपाक बघायचा होता. माझ्याशिवाय कुणाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती माझ्याजवळच पाटावर बसली. वाइन कुणी निवडली हे तिने वरती विचारलं होतं. वांग्याच्या धुराला ही पांढरी कशी सुचली म्हणाली. मी तिला वाळूची, लेबलांची गोष्ट सांगितली. तिने माझा हात धरून हसून घेतलं. हसू ओसरल्यावर तिने सहज विचारलं, "घरी तुम्ही ही कुणाबरोबर पिता?"

मी म्हणाले, पीत नाही, चमच्याने चाखली फक्त.

"एकटीने?"

"हो."

तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. तिला वाटलं मला वाइन प्यायला सोबत नाही. मला तिला अक्कांबद्दल सांगावंसं वाटलं. माळ म्हणजे काय, एका घरचं पाणी पिणं म्हणजे काय, हे इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही मला कुठून सुरू करावं ते कळेना. तोवर कुणीतरी तिला वर बोलावलं.

दीर खूश होते. दोन्ही पेट्या संपल्या होत्या. सकाळी त्यांनी मला धुळ्याला पोचवायला गाडी दिली आणि परतताना गाडीवाला उरलेल्या उघडलेल्या बाटल्या घेऊन गेला. बाटल्या गेल्यावर मी ती सगळी वाळू पाट्या भरभरून परसात टाकली. नदीची नवीन वाळू आणवली. कुंभाराकडून नवा रांजण आणला, दोन वेळा पाणी भरून ओतून दिलं, विटांचा चौकोन धुतला. नवा रांजण जास्त झिरपतो, पाणी इतकं गार झालं की दात शिवशिवले. मग मी साडी बदलली आणि अक्कांच्या दारात गेले.

त्या मागच्या अंगणात जिन्याखालच्या सावलीत बसल्या होत्या. वाती वळत होत्या. मी नव्या रांजणाचं सांगितलं, वाळूचं सांगितलं. पाणी कुठल्या बाजूला झिरपतं ते मात्र सांगितलं नाही.

त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुले नवा रांजन लेवानी काय गरज व्हती?"

"तुम्ही यावं म्हणून."

त्यांनी हातातली वात पुरी करून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "राग नही व माय. तू खोटं बोलनी नही, हाई मन्हा ध्यानमा शे. पन तोंडले पानी लावाना येळले मन मांगे सरस. त्याले मी काय करू?"

मन मागे सरतं हे मलाही ठाऊक होतं; जळगावला मी ते एका लाटण्याचं बघून आले होते.

मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी येसू. पानी मन्हं लई येसू."

आणि त्या आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून येऊन चपला काढत होते तोच फाटक वाजलं. अक्का, हातात पितळेचा तांब्या, वर फुलपात्र पालथं घातलेलं. उंबऱ्याशी त्यांच्या जागी बसल्या. तांब्या उजव्या अंगाला ठेवला. वातींचा कापूस काढला. सुनेची एक तक्रार सांगितली, मग बाजारातल्या गवारीच्या भावाची. मी ऐकत उभी होते. "अशी काय देखस?" त्या म्हणाल्या. "बाकी बठ्ठं पहिलेनागत शे."

खरंच बाकी सगळं पहिल्यासारखं होतं. पुढे मी धुळं सोडेपर्यंत त्या येत राहिल्या. त्यांनी मला आजारपणात पेज करून आणून दिली, तुमच्या बाबांच्या लग्नाचे फोटो माझ्याआधी पाहिले, तुम्ही झालात तेव्हा तुमच्यासाठी दुपटी शिवली. ती तुमच्यापर्यंत पोचली की नाही ते मला माहीत नाही. पण पाणी नाही. कधी उन्हाने त्यांचा तांब्या संपला तर त्या उठून घरी जाऊन भरून आणत. रांजण हाताच्या अंतरावर असायचा. मी कधी "घ्या ना" म्हणाले नाही, आणि त्याही त्या कोपऱ्याकडे बघत नसत.

त्या पहिल्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मी उन्हातून आलेली, तोंड कोरडं पडलेलं, त्यांच्या येण्याने अशी गडबडले की स्वतः पाणी प्यायचं विसरले. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी फुलपात्र उलटं केलं, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"ले, पहिले पानी पे."

मी उंबऱ्याच्या अलीकडे, माझ्याच स्वयंपाकघरात, खाली बसून ते प्यायले. कोमट होतं, पितळेची चव आलेलं. रांजण मी त्या दिवसापासून अर्धाच, एकटीपुरता भरू लागले.